समोरच्या बाजूचा पंच

वसंत गेला त्याला आज पाच आठवडे झाले. त्या सोमवारी दुसरा तास चालू असताना शाळेत त्याच्या मुलीचा फोन आला. मी तास सोडून वाशीला तिच्या घरी गेलो.

आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो आणि रविवारी गावोगावच्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून जायचो. मधल्या रेषेच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. शंका आली की त्याने माझ्याकडे पाहायचं, मी होकाराची मान हलवायची. लोकांसमोर दोन पंचांत मतभेद दिसू नये, हा आग्रह माझा... त्याचा नव्हे.

वीस वर्षांपूर्वी शिरवण्याच्या मैदानावर अंतिम सामना होता. शेवटच्या चढाईत शिरवण्याच्या धर्मा नावाच्या खेळाडूला चौघांनी धरून पाडलं. वसंतने त्याला बाद दिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शिरवणं एका गुणाने हरलं. मग धर्माने रीतीप्रमाणे पंचांशी हात मिळवला आणि वसंतच्या तळव्याला चुना लागला. मधल्या रेषेचा चुना; तो पडला तिथे दुसरी रेषाच नव्हती. म्हणजे धर्माचा हात रेषेला पोचला होता. तो बाद नव्हताच.

वसंत तडक माइककडे गेला. "निकाल आता नियमाने बदलत नाही. पण निर्णय चुकला, आणि तो माझा होता."

"आता बोलून काय उपेग, मास्तर?" मागून कोणीतरी ओरडलं. "ढाल परत आनून देता काय?" लोक हसले. धर्मा हसला नाही. "बोलले तरी," तो म्हणाला. "नायतर कोन बोलतो?"

बसथांब्यावर मी वसंतला झापलं. "असं कबूल करत सुटलास तर उद्या तुझी शिट्टी कोण ऐकेल?"

"नाही ऐकली तर नाही ऐकली. धर्मा घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसला असता, त्याचं काय?" मग त्याने विचारलं, "तुला काय दिसलं रे?"

"धूळ होती," मी म्हणालो.

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. आयोजकांनी हळूहळू त्याला बोलावणं बंद केलं. मला बोलवत राहिले, मी जात राहिलो. रविवारी मी त्याच्या घराखालून निघालो की तो गॅलरीतून हात करायचा... मला वर पाहवत नसे.

दहाव्याला धर्मा आला होता, कानशिलांवरचे केस पिकलेले. "सर, मास्तरांची नजर एकदाच चुकली. ती पन त्यांनी सोताच सांगितली." मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आत गेलो.

धूळ नव्हती. धर्माचा हात रेषेवर टेकलेला मी पाहिला होता. वसंतला हे सांगायचं राहून गेलं.