चौदा माणसं आहेत

फिरोजा माझ्या कुंपणापलीकडे राहते. रेवदंड्यात कुणाला सांदण हवं असेल तर तिच्याच दारात यायचं. तांदूळ आणि ओल्या नारळाचं ते वाफवलेलं सांदण तिच्या हातचं इतकं हलकं, की ताट देताना ती बजावायची, "फुंकर मारू नका बाई, उडून जाईल." वय चौपन्न, शाळा चौथीपर्यंत. कुराणामुळे अरबी अक्षरं वाचते, अर्थ लागत नाही. नवरा अब्दुस्समद अलिबागची रिक्षा चालवतो. एकुलता एक अफान आखातात एका टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी होता.

'होता' लिहायला मला तीन महिने लागले.

अठ्ठावीस ऑक्टोबरला अफान हजेरीला आला नाही आणि बोटीवर कुठे सापडला नाही. कंपनीने शोध चालू असल्याचं कळवलं. मग फोन उचलणं बंद केलं आणि घरच्यांसाठी एक अ‍ॅप पाठवलं. त्यात एआयचा मदतनीस होता. बोटीवरच्या लोकांचा एक चॅट चॅनल होता. मदतनिसाला त्या चॅनलचं नाव, तो कशासाठी काढला, कधी काढला आणि सदस्य किती, एवढंच बघता येई. आतले निरोप वाचायची त्याला मुभा नव्हती, लिहायची तर नाहीच. उत्तरं इंग्रजीत किंवा अरबीत. म्हणून फिरोजा फोन घेऊन माझ्याकडे आली. कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी शेजाऱ्यांच्या पत्रांसाठी आणि औषधांच्या चिठ्ठ्यांसाठी वापरत आलेच होते.

सहा नोव्हेंबर. मी चॅनलबद्दल विचारलं, त्याने उत्तर दिलं, मी मराठीत सांगितलं, "चौदा माणसं आहेत."

फिरोजा पायरीवर बसली. "अफानला धरून चौदाच होते. म्हणजे हाय. माझा अफान हाय."

मी चहा टाकायला आत गेले. संध्याकाळी डायरीत लिहिलं, 'सदस्य १४.' डायरीला बरोबर शब्द दिला, तिला चुकीचा. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज किती माणसं?" आणि मी पुन्हा चौदा माणसं म्हणाले.

मग रोज सकाळी तेच. मदतनिसाची ती थट्टाही करू लागली. "हा आपला नवऱ्याकडचा पाहुणा. सगळं बघतो, कशाला हात लावत न्हाय."

डिसेंबरात अब्दुस्समद फाटकापाशी थांबला. मय्यत समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज अफानसाठी व्हावी, असं त्याच्या मनात होतं. फिरोजाने त्याला घरभर फैलावर घेतलं होतं. "चौदा हायत, बाईंना विचारा. जित्या पोराची नमाज पढता?"

"बाई, तुम्हीच समजवा. तुमचं ऐकते ती," तो म्हणाला.

मी म्हणाले, "बघते."

बघितलं नाही.

वीस जानेवारीला आकडा पंधरा आला. मी तो मोठ्याने वाचला आणि वाचता वाचताच मला कळलं.

"एक वाढला!" फिरोजा उठलीच. "सापडला, बाई! कामावर परत घेतला. तांदूळ भिजवते, उद्या सगळ्या आळीला सांदण."

"फिरोजा, बस."

"बसते कशाला? नारळ फोडायचेत."

"ती माणसं नाहीत. नावं आहेत. कुणी काढलं नाही तर नाव तसंच राहतं."

तिला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं. "मग पंधरावा कोण?"

"अफानच्या जागी घेतलेला असेल कुणी."

फोन तिच्या हातात विझला. तिने बोट लावून तो पुन्हा उजळला.

"तुम्ही माणसं म्हणालात."

"हो."

"रोज म्हणालात."

"हो, फिरोजा."

"त्याला सांगा, अफानचं नाव काढू नको."

"त्याच्या हातात नाही ते. त्याला ठेवताही येत नाही, काढताही येत नाही. तो फक्त बघतो."

"तुमच्यासारखा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी जुम्म्यानंतर मशिदीत गायबाना नमाज झाली. आम्ही बायका तिच्या घरी बसलो होतो. अफानची चादर तिने स्वतः काढून घडी घातली. अब्दुस्समद परतला, चप्पल काढली आणि ओट्यावरच बसून राहिला.

तेव्हापासून तिच्याकडे सांदण होत नाही. लोक येतात, ती दारातूनच मान हलवते.

मला वाटलं होतं, आता ती फोन घेऊन यायची नाही. सोमवारी सकाळी आली. पायरीवर बसली नाही, कुंपणावरूनच फोन पुढे केला.

"किती नावं?"

"पंधरा," मी म्हणाले.

तिने फोन घेतला आणि गेली. रोज येते.