पडवीतला चंद्र

लिही शालू. आणि मध्ये मध्ये विचारू नकोस, नाहीतर माझा धागा सुटतो.

व्हर्ला म्हणजे आपल्या शेजारची. तुझ्या बापानं मला इथं आयोवात आणलं तेव्हा ती चांगली दणकट बाई होती. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली, तोंडात एखादी टाचणी धरलेलीच. पडदे शिवायची. अख्ख्या गावाच्या खिडक्यांना तिनंच झाकलेलं. नवरा ड्वेन मक्याच्या कोठारावर ट्रक काट्यावर तोलायचा. मूलबाळ काही झालं नाही त्यांना. तिला माझी भाषा येईना, मला तिची. पण दोन बायका एका कुंपणाला टेकल्या की किती दिवस अडतंय? गोदावरी काही तिच्या तोंडात मावलं नाही, मग मी तिची गोडा झाले. आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

ऑक्टोबर सरत आला की ती बाई अंगात आल्यासारखी करायची. भिकाऱ्यांच्या रात्रीची तयारी गं, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊच्या गोळ्या मागतात ती रात्र. मलमल खळीत बुडवायची, बाटलीवर पसरून वाळवायची, बाटली काढून घेतली की भूत आपल्या पायावर उभं. काळ्या पुठ्ठ्याची वटवाघळं कातरायची. खळ मी शिजवून द्यायची, कारण तिच्या डिंकाला काही जीव नव्हता. एकदा चव घेऊन बघितलीन तिनं. म्हणाली, मीठ घातलं की जेवण झालं.

आणि ड्वेन फोटो काढायचा. त्याचा तो जाडा कॅमेरा, दाबला की जीभ बाहेर काढल्यासारखा तिथल्या तिथं फोटो देणारा. पोरं पायरी चढून यायची, विनोद सांगायची, विनोद सांगितल्याशिवाय आपल्या गावात गोळी मिळत नाही. मग व्हर्ला त्यांचे कोट उतरवायची. आया थंडी म्हणून भुतावर, परीवर, सगळ्यांवर कोट चढवून पाठवतात ना, ते तिला मुळीच खपायचं नाही. कोट स्वतःच्या हातावर घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, भुताला कसली सर्दी? ड्वेन दोन फोटो काढायचा, एक पोराला, एक घरात. घरातले सगळे तिनं आतल्या बोळात दोऱ्यांवर चिमट्यांनी लावलेले. एका पोराचा एक दोरा. तू पण आहेस बरं त्यात, भोपळा झालेली, नाक गळतंय.

सगळ्यात लांब दोरा मेरेनचा. समोरच्या घरातली, टपालवाल्याची मुलगी. पहिल्या वर्षी बापाच्या कडेवर आली, मक्याचं कणीस होऊन. मग दर वर्षी, एकही चुकवलं नाही. कांजिण्यांचे फोड अंगावर होते त्या वर्षी लांबूनच, पायरीच्या खाली उभी राहून, फोटो काढून घेतला. चालायला लागली तेव्हा व्हर्लानंच तिला या रात्रीची रीत शिकवली. तिचा हात धरून रस्त्यावर उभी राहायची नि घरं दाखवायची. "दाराचा दिवा लागलेला असेल तर जायचं. बंद असेल तर पायरीसुद्धा चढायची नाही. सजावट कितीही असू दे. आत कुणीतरी आजारी असतं, नाहीतर रडत असतं." पोरगी मान हलवायची, जसं काही तिला सगळं कळतंय.

ड्वेन गेला. त्या वर्षी तिनं दिवा लावला नाही, आणि सगळ्या पोरांनी ते पाळलं. पुढल्या वर्षी मात्र स्वतःच कॅमेरा गळ्यात घालून उभी राहिली. नेम चुकायचा, अर्धी पोरं डोक्याशिवाय आली फोटोत. म्हणाली, भुतं आहेत, चालतं.

पण पोरंच कमी व्हायला लागली. तिकडं हमरस्त्यावरच्या चर्चच्या आवारात लोक मोटारी उभ्या करून मागची दारं उघडून गोळ्या वाटत बसतात, पोरं एका रांगेत चालत पिशवी भरून घेतात, ना पायरी ना विनोद. आयांना ते सोपं पडतं, थंडीत फिरायला नको. आपल्या रस्त्यावर मग दोन-चार टोळकी यायची. मेरेन मात्र यायचीच.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी मेरेन व्हर्लापेक्षा उंच झाली होती. त्या वयाला पोरं यायची बंद होतात, त्यांना लाज वाटते. आणि त्या जुन्या कॅमेऱ्याची फिल्मही मिळेनाशी झालेली. दुकानदारानं कुठून तरी एक पाकीट मागवून दिलं नि म्हणाला, आता पुन्हा मागू नका आजी. कुंपणाशी येऊन व्हर्लानं ते मला दाखवलं. म्हणाली, "एक मेरेनचा काढला की झालं, गोडा. तिचा दोरा पुरा होईल. मग मी कॅमेरा ड्वेनच्या टोपीशेजारी ठेवून देईन." मी म्हटलं, येईल की ती. तर म्हणाली, यायलाच पाहिजे असं नाही, मोठी झालीय. असं म्हणाली आणि लगेच विचारलं, त्यांच्या खिडकीत तुला सोंगाचं काही शिवणकाम दिसलं का?

तिला त्या वर्षी चंद्र करायचा होता. मोठा, मेरेन त्याच्याखाली उभी राहील एवढा. मला काय, आकाशकंदीलच तो. मी बांबूच्या काड्या सोलून दिल्या, गोल बांधला, तिनं पिवळा पातळ कागद असा ताणून बसवला की सुरकुती नाही. डाग पाहिजेत म्हणाली चंद्राला, तर चहाच्या पाण्याचे ठिपके दिले. आत दिवा सोडला नि पडवीच्या तोंडाशी टांगला. दिवाळी जवळच आलेली, मला क्षणभर माहेरची पडवीच दिसली. तिला सांगितलं मी, तर म्हणाली, मग तुमच्याकडची भुतं खुशीत असतील, एवढा उजेड.

भिकाऱ्यांची रात्र आली. आपल्याकडे सहा ते आठ, तुला ठाऊकच आहे. मी आपली आपल्या दाराशी गोळ्यांची परात घेऊन बसले. पोरं आली थोडी. एक डायनासोर आला, त्याला विनोद आठवेना, रडकुंडीला आला बिचारा, मी तशीच गोळी दिली. पण व्हर्लाकडून कुणी येताना दिसेना. दोन बहिणी आल्या चेटकिणी होऊन, मी त्यांना म्हटलं, शेजारी जाऊन या, मोठा चंद्र आहे. थोरली माझ्याकडे बघत म्हणाली, जशी मी अगदीच नवखी, की त्या घराचा दिवा बंद आहे.

मला वाटलं बाई पडली की काय. परात तिथंच ठेवली, पायात सपाता तशाच, गेले. आठ व्हायला आले होते. पडवीत खुर्ची टाकून ती बसलेली, नवा झगा, कॅमेरा मांडीवर, गोळ्यांचं टोपलं भरलेलं. डोक्यावर तो चंद्र. इतका सुंदर दिसत होता म्हणून सांगू. आणि दाराचा दिवा विझवलेला.

मी बोट दाखवलं. तिनं वर बघितलं. 

"चंद्र फिका दिसत होता," म्हणाली, "म्हणून मी दाराचा दिवा मालवला."

बस्स, एवढंच. जिनं अर्ध्या गावाला ही रीत शिकवली तिनंच. मी भिंतीवरचं बटण शोधायला लागले, तर म्हणाली, राहू दे, आठ वाजले, आता लावला तर खोटं होईल. मी म्हटलं, समोर जाऊन मेरेनला घेऊन येते, दोन पावलांवर घर. तर माझा हात धरला तिनं. "नको. बोलावून आणलं तर ती पाहुणी झाली. तिनं आपणहून यायला पाहिजे." मी जरा वेळ पायरीवर बसले. तिनं टोपल्यातली एक गोळी मला दिली, एक स्वतः सोलली.  मग तिनं चंद्र मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं वांग्याची भाजी घेऊन गेले होते, जेवली नसणार म्हणून. तेवढ्यात मेरेन आली. साध्या कपड्यात, हात खिशात. दारातूनच विचारलं, "तुम्ही आजारी होता का रात्री?"

व्हर्ला म्हणाली नाही.

"मग रडत होता?"

"नाही गं. विसरले."

मेरेन म्हणाली, मी आले होते, अंगावर पांढरी चादर घेऊन, शाळेतल्या कुणी ओळखू नये म्हणून. पण दिवा बंद, म्हणून रस्त्यावरूनच परत गेले. हे सांगताना तिचे कान लाल झाले. मी व्हर्लाला खुणावलं, काढ की आता फोटो, कॅमेरा तर समोरच पडलाय, फिल्मही शिल्लक आहे. पण तिनं मान हलवली. काल होती ती रात्र, आज नाही. असली हट्टी बाई. तिनं पोरीला टोपलं दिलं, घे म्हणाली, सगळं. मेरेननं एकच गोळी घेतली.

टेबलावर एक फोटो होता. अंधार पडता पडता व्हर्लानं कॅमेरा चालतोय का बघायला काढलेला. वर चंद्र, खाली रिकामी पायरी, मागं काळा रस्ता. मेरेननं तो उचलला, खिडकीशी नेला, उलटसुलट केला. आणि म्हणाली, "ही मीच की."

कुठं, म्हणून व्हर्लानं चष्मा घातला. कडेला, रस्त्याच्या पलीकडं, एक पांढरा ठिपका होता, माझ्या नखाएवढा. मेरेन म्हणाली, ही चादर, इथंच उभी होते मी, बराच वेळ.

मला विचारशील तर तो रस्त्यावरच्या खांबाचा उजेड होता. आणि व्हर्लानं जन्मभर फोटो पाहिलेले, तिला काय कळलं नसेल? तिनं त्या ठिपक्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. मग कोटासाठी पुढं करायची तसा हात पुढं केला, फोटो मागून घेतला.

"म्हणजे कालचाच आहे," म्हणाली. "मग विनोद राहिलाय तुझा."

मेरेननं सांगितला. सांगाड्याला थंडी का वाजते, तर वारा आरपार जातो म्हणून. लहानपणापासून हा एकच येत होता तिला. व्हर्ला हसली नाही. फोटो घेऊन बोळात गेली आणि मला दोऱ्याला चिमटा लागल्याचा आवाज आला.

पुढच्या वसंतात पडली ती, कंबर मोडली, मग तिच्या भाच्यानं तिला डाकोटाला नेऊन ठेवलं. तिथून एकदा फोन आला, नुसतंच गोडा, गोडा म्हणत राहिली, पुढचं मला समजलं नाही. मग तेही थांबलं. घर विकलं, माणसं अजून राहायला आली नाहीत. मेरेन शिकायला गेली, जाताना भाच्याकडून आपला दोरा तेवढा मागून घेऊन गेली.

चंद्र आपल्या गॅरेजमध्ये आहे, वर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. कागद एका बाजूनं फाटलाय. खळ करून देते मी, तेवढा चिकटव नि आपल्या दाराशी टांग या वेळी. पण दाराचा दिवा आधी लाव.