म्हशीची हजेरी

शाळेनं माझ्यावर कवाच इश्वास ठेवला न्हाय, आणि मी बी शाळेवर. दुसरीत असताना आठवड्यातलं चार दिवस मी आमच्या कंग्राळीच्या शिवारात असायचो, आणि वर्गात माझ्या जागी शेजारचा सोबती 'हजर' म्हणायचा. गुरुजी वहीतनं मान वर न करता म्हणायचं, ह्यो आवाज त्येचा न्हाय. मग सायकल काढून थेट शेतात यायचं.

एकदा मी आंब्यावर जाऊन बसलो. गुरुजींनी खाली उभं राहून माझ्या बाला इचारलं, पोरगं कुठं हाय. बा म्हणाला, हिकडं आलंच न्हाय. गुरुजींनी वर बघितलं. माझा एक पाय फांदीवरनं लोंबत हुता. सायकल वळवली आणि गेलं. पुन्हा काय आलं न्हाईत. मी लई खूश. तवापासनं आजपतूर अंगठा लावतोय.

तर मागल्या साली आमच्या देवळाच्या पटांगणात एक टायवाला माणूस आला. त्येच्याजवळ फोनाचा थोरला भाऊ म्हणावा असली पाटी हुती. म्हणाला, शाळा आता फोनात आली. इमारत न्हाय, बाक न्हाय, घंटा न्हाय, मोठ्या शहरातल्या बाई घरात येऊन शिकीवणार. माझी पोरगी तवा गावच्या मराठी शाळंत सहावीला. माझ्या डोक्यात पैला इचार आला, ज्या शाळंला दारच न्हाय तिच्यातनं पोरगं पळून जाणार न्हाय हे खरं, पर आत तरी कुठनं जाणार?

पर त्या माणसानं मला बरोबर वळखलं. बँकेत मी अंगठा फुडं केला की तिथली पोरगी शाईची डबी अशी सरकवती की जणू मला खरूज झालीया. ह्यो म्हणाला, सही नको, अंगठाच पायजे. उभ्या जन्मात पैल्यांदाच कुणीतरी माझा अंगठा मागून घेतला. मी तो काचेवर ठेवला आणि पोरगी नव्या शाळंत गेली. घरची म्हणाली, "पोरीचं नाव घातलंसा, का अंगठ्याची मिरवणूक काढलीसा?"

गावच्या शाळंत दाखला मागायला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलतो. तिथल्या बाईंना जरा तोऱ्यातच सांगितलं की आता आमची शाळा घरी येती. बाईंनी एवढंच इचारलं, इचार केलाय न्हवं? मी म्हणालो, व्हय, लई केलाय. खरं सांगायचं तर इचार अंगठ्यानं केला हुता, मी निस्ता बरोबर गेलतो. त्यांनी दाखला लिहून दिला. तो घिऊन टायवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, दाखल्याची गरज न्हाय.

हितं माझ्या मनात किडा शिरला. म्हशीचा दलाल बी इचारतो, आधी कुणाच्या गोठ्यात हुती. आणि ह्या शाळंला माझी पोरगी कुठनं आली ह्येचं काय पडलंच न्हाय? दाखला ट्रंकंत माझ्या लग्नातल्या फेट्याखाली ठेवून दिला.

रोज सकाळी नऊला फोन टुणटुण वाजायचा. पोरीनं त्येच्यात तोंड दाखवायचं, की हिरवी खूण यायची, म्हंजे हजेरी लागली. मग एक बाई तासभर बोलायच्या. दिसायला देखण्या, बोलणं गोड. मी चहाचा कप घिऊन मागनं वाकून रोज म्हणायचो, नमस्कार बाई. त्या काय नमस्कार घ्यायच्या न्हाईत. मला वाटलं शिकलेली माणसं असत्यात, अंगठ्याचा नमस्कार घेत नसतील.

एक दिस पोरीला ताप भरला. पोरगी निजलेली आणि फोन वाजाय लागला. हजेरी बुडंल म्हणून मी घाबऱ्या घाबऱ्या उचलला, तर काचंत माझंच तोंड. चार दिवसांची दाढी, डोक्याला टॉवेल. म्हटलं, आता बोंब हुणार. तर टुण्ण करून हिरवी खूण. मी सहावीत हजर झालो. जी शाळा दुसरीत सुटली ती माझं तोंड बघून सहावीत घेती म्हटल्यावर मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी घरचीला म्हटलं, तू दाखव तोंड. ती म्हणाली, मला नको बाबा, मी नापास झाले तर माहेरी कळंल. मग मी फोन घिऊन गोठ्यात गेलो आणि म्हशीफुडं धरला. म्हशीनं काच चाटली. टुण्ण. हजर.

आता मात्र मी हसलो न्हाय. शहरात नोकरीला जाणाऱ्या चुलतभावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अण्णा, त्यातलं तुला काय कळतंय? ते कंप्युटर करतंय सगळं." मला न्हायच कळत, ते खरं. पर म्हस आणि पोरगी ह्यातला फरक मला बी कळतो, आणि मी तर दुसरी नापास.

पोरीचा ताप उतरल्यावर तिला इचारलं, त्या बाई तुला काय म्हणत्यात गं? तिनं फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "आप्पा, त्या आधी बोलून ठेवलेल्या बाई हायत. मी हात वर केला तरी त्यास्नी दिसत न्हाय. तीन म्हयन्यात माझं नाव कुणी घेतलं न्हाय."

मी रोज ज्यास्नी नमस्कार घालत हुतो त्या तिथं नव्हत्याच. आणि त्या नसल्या तर माझी पोरगी तरी शाळंत हाय का न्हाय? शेजारपाजारच्या पोरी सातवीची पुस्तकं आणायच्या गोष्टी करत हुत्या, आणि माझी एका काचंम्होरं हात वर करून बसायची.

तरी मी संशयी माणूस, एक डाव बघायचं ठरीवलं. आठ दिवस फोन लावायचाच न्हाय. बघू कोण इचारायला येतं. पैल्या दिवशी मी अंगण झाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारनं खुर्ची आणून ठिवली. कोण आलं न्हाय. चौथ्या दिवशी शेजारी म्हणाला, पावणं येत नसतील तर खुर्ची परत दे. आठव्या दिवशी फोनवर मजकूर आला, तो पोरीनं वाचला: ह्या आठवड्यात तुमच्या पाल्याची प्रगती उत्तम हाय.

त्याच दिवशी दुपारी अंगणात स्कूटर थांबली. गावच्या शाळंतल्या बाई. मला वाटलं, आता माझ्या तोऱ्याचा हिशेब चुकता करणार. तर म्हणाल्या, वाचनालयाचं एक गोष्टीचं पुस्तक पोरीकडं राहिलंय, ते न्यायला आले. ते पुस्तक पोरीच्या उशीच्या खोळीत हाय हे मला ठावं हुतं. तिनं द्यायचंच टाळलं हुतं.

मग बाईंनी इकडं तिकडं बघून इचारलं, "पोरगी कुठाय?"

स्कूटरचा आवाज ऐकून पोरगी कडब्याच्या गंजीमागं गेलती. तिथनं मला हातानं सांगत हुती, न्हाय म्हणा, न्हाय म्हणा. माझ्या जिभंवर आलं बी, हिकडं न्हाय ती. आमच्या घरात ही थाप दोन पिढ्यांची, तोंडात तयारच असती. पर मला तो आंब्यावरचा पाय आठवला. गुरुजींची वळलेली सायकल आठवली. मी अंगठ्यानं गंजीकडं दाखवलं.

बाई म्हणाल्या, "बाहेर ये गं. दाखला कुठाय तुझा?"

पोरगी केसात कडबा घिऊन बाहेर आली. मी ट्रंक उघडली.

दाखला हातात देताना बी माझा संशय गेला न्हवता. म्हटलं, बाई, खरं सांगा, पुस्तकासाठी आलासा, का पोरं कमी पडल्यात म्हणून? बाईंनी काय लपीवलं न्हाय. म्हणाल्या, "व्हय, पट कमी झालाय. एक पोरगं कमी झालं की आमचा एक मास्तर जातो. मी मोजूनच आले." मला तेच बरं वाटलं. कुणीतरी तिला मोजत हुतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळंत गेली, आणि मी मागनं खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. ह्या बाई तरी नाव घेत्यात का ते बघाय. घेतलं. पोरगी लाजली, गप बसली. माझ्याच्यानं राहवलं न्हाय, मी खिडकीखालनं म्हणालो, हजर.

आतनं बाईंचा आवाज आला, "अण्णा, ह्यो आवाज तिचा न्हाय. जावा तुम्ही शेताकडं."

मग पोरीचा आवाज आला. तो ऐकला आणि गेलो.