व्हर्लाचा कोपरा

व्हर्ला हिन्रिक्सनला कुणी ‘अनुभवी बाई’ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. एल्म फोर्कमध्ये हा शब्द कशासाठी वापरतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. बाईला काम द्यायचं नसलं की ‘अनुभव नाही हो तिला’. आणि बाई म्हातारी झाली की ‘अनुभवी आहे हो’, म्हणजे आता कोपऱ्यात बसवा आणि केक कापायला बोलवा.

अठ्ठावीस वर्षांची असताना तिनं गावाच्या चिटणीसपदासाठी अर्ज केला होता. शिक्षक महाविद्यालयात दोन वर्षं काढलेली, अक्षर मोत्यासारखं, आकडेमोड तोंडपाठ. परिषदेत पाच पुरुष. त्यांनी विचारलं, “आजवर काय केलंस?” ती म्हणाली, “बापाच्या गोठ्यात चाळीस गायींचं दूध काढलं आणि त्याचा हिशेब ठेवला.” पाचही जण हसले. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाला त्यांनी घेतलं. दोन वर्षांत तो थंडीला कंटाळून ॲरिझोनाला पळाला. दुसऱ्यांदा जाहिरात लागली तेव्हा अर्ज एकच आला, व्हर्लाचा. घेतली बिचाऱ्यांनी. करतात काय?

पुढची चौतीस वर्षं गाव तिच्या टेबलावरून चाललं. पाण्याची बिलं, कुत्र्यांचे परवाने, बर्फ काढायच्या गाडीचं डिझेल, दफनभूमीचा नकाशा, सगळं. नवरा एल्वुड रस्त्याचं यंत्र चालवायचा. तो म्हणायचा, “रस्ता मी सपाट करतो, माणसं ही करते.” एल्वुड गेला, ती निवृत्त झाली, केस पूर्ण पांढरे झाले, पण ते उन्हात पांढरे झालेले नाहीत, हे ती समोरच्याच्या तोंडावर सांगायची.

आता त्या फेब्रुवारीतली गोष्ट.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायची सुरुवात आमच्या आयोवात होते आणि ती पेटीत चिठ्ठी टाकून होत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. शेजारी, व्याही, उधारीवाला, दातांचा डॉक्टर, सगळे बघतात कोण कुठे उभा आहे ते. कोपऱ्यात शंभरातले निदान पंधरा नसतील तर तो कोपरा मोडतो. त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर अर्ध्या तासात आणखी माणसं ओढून आणायची. यालाच कॉकस म्हणतात आणि यात वर्षानुवर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

त्या वर्षी गाव डॉक्टर ग्रँट व्हिटलोवर लट्टू झालं होतं. हृदयाचे मोठे सर्जन, रुबाबदार, बोलणं मधाळ. आयुष्यात शाळा समितीचीसुद्धा निवडणूक लढवलेली नाही, आणि त्याच गोष्टीचा त्यांना अभिमान. “मी राजकारणी नाही” हे प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य. व्हर्लाचा माणूस होता हार्मन स्टेन्सरूड. दोनदा गव्हर्नर, दोनदा सिनेटर, आणि भाषण असं की समोरचं बाळ झोपी जावं.

पण पुराच्या वर्षी गावाचं पाणीघर बुडालं, तेव्हा व्हर्लानं त्याच स्टेन्सरूडच्या कचेरीत फोन केला होता. तो स्वतः फोनवर आला. धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. “पंप कुठला बुडाला, वरचा की खालचा?” एवढंच विचारलं. त्यानं आधी दोन पूर निस्तरले होते. सकाळी सातला पाण्याच्या टाक्या दारात. तेव्हापासून व्हर्लानं ठरवलं होतं की या माणसाच्या नावानं एल्म फोर्कमधून जिल्ह्याच्या सभेला एक तरी प्रतिनिधी जाईल. एकच. त्यासाठी ती महिनाभर बर्फातून दारोदार हिंडली.

संध्याकाळी सातला दारं बंद झाली. बाहेर उणे अठरा, आत चिलीचा, म्हणजे घेवडा-मांसाच्या तिखट रश्श्याचा, आणि दालचिनीच्या रोलचा वास, चाळीस कोट एकावर एक टाकलेले. हजर माणसं सत्तेचाळीस. सभेचा अध्यक्ष डॅरिन, बियाणं विकणारा, चाळिशीचा, पहिल्यांदाच हे काम करत होता. लहानपणी रविवारच्या बायबल वर्गात व्हर्लानं त्याला शिकवलेलं.

लोक कोपऱ्यांत गेले. व्हिटलोच्या कोपऱ्यात एकोणतीस. शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलणारा एक तरुण खासदार होता, त्याच्याकडे अकरा. व्हर्लाच्या कोपऱ्यात सात, त्यातल्या तिघांच्या हातात काठी.

डॅरिननं गणकयंत्र दाबलं. “सत्तेचाळीसचे पंधरा टक्के, सात पूर्णांक शून्य पाच. म्हणजे सात. अभिनंदन व्हर्लाबाई, तुमचा कोपरा टिकला!”

व्हर्लाच्या बाजूला टाळ्या पडल्या. व्हर्ला मात्र हलली नाही.

“डॅरिन, नियमांच्या पुस्तिकेचं नववं पान काढ.”

“आता कशाला?”

“काढ म्हणते ना. अपूर्णांक उरला तर काय करायचं लिहिलंय?”

डॅरिननं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. “वरचा आकडा धरायचा. कितीही कमी उरला तरी.”

“म्हणजे आठ. माझ्याकडे सात आहेत.”

तिच्या कोपऱ्यातून एक म्हातारा कळवळून म्हणाला, “अगं बाई, गप्प बसली असतीस तर तोंड झिजलं असतं का?”

“गप्प बसायला चौतीस वर्षं नाही घालवली,” ती म्हणाली. “अर्धा तास आहे. एक माणूस आणायचाय.”

ती सरळ व्हिटलोच्या कोपऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिथे पुढेच मार्लिस होती, चौकातल्या खाणावळीची मालकीण, व्हर्लाची पन्नास वर्षांची मैत्रीण.

“मार्लिस, परवा तुझ्याकडे नवा स्वयंपाकी आला होता. त्याला पहिला प्रश्न काय विचारलास?”

“आधी कुठे काम केलंस, हा. पण ते वेगळं.”

“वेगळं कसं? अंडी तळायला अनुभव पाहिजे आणि देश चालवायला नको?”

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “डॉक्टरांनी चार हजार हृदयं दुरुस्त केलीत, व्हर्ला!”

“मग हृदयाचं काही झालं तर मी त्यांच्याच पाया पडेन. पण उद्या मी सुरी घेऊन आले, म्हणाले की मी काही डॉक्टर नाही, माझं मन कसं ताजं आहे, झोप टेबलावर, तर झोपशील?”

“जुन्या खोडांनी काय दिवे लावले ते बघतोच आहोत,” मार्लिस कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तुझा स्टेन्सरूड तीस वर्षं तिथे बसलाय. त्याला ठाऊक आहे सगळं, म्हणून तर काही होत नाही! आणि तू कोण गं अनुभवाच्या गप्पा मारणारी? तुला चिटणीस केलं तेव्हा तुला काय येत होतं? गाईचं दूध काढणं! पाण्यात पडलीस आणि पोहायला शिकलीस. गाव बुडालं का?”

आता मात्र सगळी व्यायामशाळा कान देऊन ऐकू लागली. मार्लिसचा बाण वर्मी लागला होता. व्हर्लाला उत्तर द्यायला हवं होतं, आणि उत्तर तिच्याकडे होतं. त्रेचाळीस वर्षं होतं. फक्त ते तिनं एल्वुडखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तिची नजर मार्लिसच्या मागे खुर्चीत बसलेल्या ऑरिन टायडेनवर गेली. ऐंशीचा, डुकरं पाळून हात खरबरीत झालेला, कमी बोलणारा माणूस. तोही व्हिटलोच्याच बाजूचा.

“गाव नाही बुडालं,” व्हर्ला म्हणाली. “ऑरिनची आई बुडाली.”

ऑरिननं मान वर केली.

गावात सगळ्यांना ती कथा माहीत होती. ऑरिनच्या बापानं दफनभूमीत मेपलच्या झाडाखाली जोडीच्या दोन जागा घेतल्या होत्या. बाप आधी गेला, तिथे पुरला. आई मार्चमध्ये गेली, खड्डा खणायला माणसं गेली तर शेजारच्या जागेत ताजी कबर! दुसऱ्याच घरातला माणूस जानेवारीत तिथे पुरलेला. म्हातारीला शेवटी कुंपणाजवळ जागा मिळाली. पंचावन्न वर्षं एका पलंगावर झोपलेली माणसं मेल्यावर दोन टोकांना. चूक कुणाची? जुन्या चिटणिसाच्या नकाशाची, असं नव्या चिटणीसबाईंनी सांगितलं, आणि जुना चिटणीस तर ॲरिझोनात.

“नकाशा चुकला नव्हता, ऑरिन,” व्हर्ला म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. कापायला हवा होता, असं मार्लिस नंतर म्हणायची. “नकाशा बरोबर होता. मी तो उघडलाच नाही. मला नोकरी लागून चार महिने झाले होते. दुःखातलं कुटुंब समोर रडत होतं, रांगेत जागा मोकळी दिसत होती, मी विकून टाकली. दफनभूमीत मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते, हे मला माहीत नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मार्लिस म्हणते मी पोहायला शिकले. शिकले की! पण ज्यांच्या जिवावर शिकले ते हे टायडेन. नऊशे माणसांच्या गावात माझं शिकणं एका कबरीवर भागलं. त्या व्हाइट हाउसमध्ये बसून तुमचे डॉक्टर शिकणार, तेव्हा किती कबरी लागतील?”

चिलीचं भांडं तेवढं खदखदत होतं.

ऑरिन उठला. त्याला उठायला वेळ लागला. व्हर्लाच्या कोपऱ्यातले सहा जण त्याच्या पायांकडे बघत होते. तो चार पावलं चालला, तर आठवा होणार होता.

तो चालला नाही.

“दर मे महिन्यात मी दोन ठिकाणी फुलं ठेवतो,” तो म्हणाला. “दर वेळी वाटतं, मेल्या नकाशानं घात केला. तू तिथेच असायचीस, सैनिकांच्या कबरींवर झेंडे लावत. मला म्हणायचीस, ‘कसा आहेस ऑरिन?’”

“हो.”

“चुकलीस ते नवखेपणात. ते मी तेव्हाच सोडलं असतं. पण त्रेचाळीस वर्षं झाकून ठेवलंस, ते कुणाच्या जोरावर? तुझ्या त्या अनुभवाच्याच ना? कुठला कागद कुठे सरकवायचा, कुणावर ढकलायचं, कधी गप्प बसायचं. हेच शिकतात ही माणसं तिथे बसून बसून. मला तुझा स्टेन्सरूड नको. मी इथेच बरा.” आणि तो बसला.

व्हर्लानं हे ऐकून घेतलं. “ते खरं आहे,” ती म्हणाली. “तेही शिकते माणूस. तुझी माफी मागायला हवी होती आणि ती आज, मतासाठी नको मागायला. मे महिन्यात मागेन, तुझ्या आईसमोर. पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही. एक अक्षर नाही.”

“तुझ्या हाडात मस्ती आहे गं!” मार्लिस म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

डॅरिननं घंटा वाजवली. आठवा आला नव्हता. कोपरा मोडला. तिच्या सहा जणांतले चार खासदाराकडे गेले, दोघं तोंड चुकवत डॉक्टरांकडे. डॅरिन हळूच म्हणाला, “व्हर्लाबाई, तुम्हीही कुठे तरी जा. नाहीतर तुमचं मत फुकट जाईल.”

“माझं मत आहे. ते फुकट जाईल की विकत, मी बघते.” ती तिथेच उभी राहिली, बास्केटबॉलच्या जाळीखाली, एकटी, हातात पर्स धरून.

आता जिल्ह्याच्या सभेचे प्रतिनिधी, हजर सत्तेचाळीस जणांत कुणाकडे किती त्या प्रमाणात, वाटायचे होते. एकूण पाच. डॉक्टरांकडे एकतीस माणसं, खासदाराकडे पंधरा. डॅरिननं घाम पुसत भागाकार केला. “डॉक्टरांना तीन पूर्णांक तीस. वरचा आकडा धरला तर चार. खासदारांना एक पूर्णांक साठ, म्हणजे दोन. चार आणि दोन सहा... पण आहेत पाच.” तो गोंधळला. “मग छोट्या गटाचा एक कमी करू. चार आणि एक.”

डॉक्टरांच्या कोपऱ्यातून आरोळी उठली. खासदारवाले चिडले. “हा कुठला न्याय?” “पुस्तिकेत दाखव!” डॅरिन पानं उलटत राहिला. “पण मघाशी व्हर्लाबाईच म्हणाल्या की वरचा आकडा धरायचा!”

सगळ्यांच्या माना जाळीखाली वळल्या. व्हर्ला छताकडे बघत होती. “कशाला बघता माझ्याकडे? अनुभवाचं काही काम नाही ना?”

“अहो, असं काय करता,” डॅरिन काकुळतीला आला.

“राहू दे डॅरिन, आपलं आपण करू,” व्हिटलोच्या गटातला एक जण म्हणाला. “चार आहेत, चार घ्या आणि घरी चला.”

तेव्हा ऑरिन पुन्हा बोलला, खुर्चीतूनच. “चार आहेत की तीन, ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. तिला करू दे.”

“तिला? आत्ताच तर तू तिला...”

“आत्ताच म्हणून सांगतो. आज ती कागद उघडून बघेल.”

व्हर्ला भिंतीवरच्या फळ्यापाशी आली. डॅरिनच्या हातून तिनं पुस्तिका घेतली. नियम तिला पाठ होता हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तिनं चष्मा लावला, पान शोधलं आणि बोट ठेवून ओळ मोठ्यानं वाचली. कोपरा टिकवताना वरचा आकडा. प्रतिनिधी वाटताना अर्ध्याच्या खाली असेल तर खालचा, वर असेल तर वरचा. मग खडू उचलला. डॉक्टर व्हिटलो, तीन. खासदार, दोन.

“एक गेला आपला,” मार्लिस पुटपुटली.

“तुमचा नव्हताच तो,” व्हर्ला म्हणाली, आणि खडू डॅरिनच्या हातात देऊन कोट शोधायला गेली. ऑरिनचा कोट सगळ्यांत खाली होता. तो तिनं ओढून काढला, झटकला आणि त्याच्या पुढ्यात धरला. त्यानं तिच्याकडे न बघता एक हात बाहीत घातला.