रीळ संपेपर्यंत

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुठेच बोललो नव्हतो. मुलाखतीत नाही, बायकोजवळ नाही, दवाखान्यात पडून होतो तेव्हाही नाही. आता तुमच्यापुढे बोलतोय, आणि खरं सांगू? अजूनही विषय कुठून काढावा ते कळत नाही.

माझा पहिला सिनेमा तुम्ही पाहिला असेल. नसेल, तरी त्याचा शेवट कुणी ना कुणी तुम्हाला सांगितलाच असेल. ऊसतोडीला गेलेली मुलगी दगावल्याचा निरोप येतो, आणि तिची आई उंबऱ्याशी उभी राहून तो ऐकते. एवढंच. त्या चेहऱ्याने मला बक्षिसं दिली, परदेश दाखवले, पुढचे अकरा सिनेमे दिले. "खेड्यातल्या साध्या बाईकडून हे कसं काढून घेतलंत?" सगळीकडे हाच प्रश्न. मी हसून सांगायचो, "मी काहीच केलं नाही. फक्त म्हणालो, मावशी, एखादं जुनं दुःख आठवा."

तसं मी म्हणालो नव्हतो.

दुष्काळाचं साल होतं. शिरूर कासारकडच्या एका गावात आमचं शूटिंग चाललं होतं. दिवाळीनंतर अर्धं गाव कोयते घेऊन साखर कारखान्यांवर गेलेलं. मागे म्हातारी माणसं आणि कुलपं. मी अंबाजोगाईच्या प्राध्यापकाचा मुलगा — ऊस खाल्लेला, तोडलेला नव्हे. आईचं काम करणारी नटी पुण्याची. टँकरचं पाणी तिला बाधलं, ती निघून गेली. राहिला होता हा एकच प्रसंग — सिनेमात आई दिसते ती एवढ्यातच — आणि एकच रीळ.

आमचा स्वयंपाक करायला गावातल्या गयाबाई यायच्या. चेहरा असा, की कॅमेऱ्याने आपणहून वळावं. मी त्यांनाच उभं केलं. तालमीत त्या लाजायच्या, पदरात तोंड लपवून हसायच्या. "दादा, मला खोटं रडाया येत न्हाई. भाकरी सांगा, पन्नास थापते."

त्यांची एकुलती एक मुलगी सुनीता तेव्हा नवऱ्याबरोबर ऊसतोडीलाच गेली होती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं — मुद्दाम सांगतोय.

कॅमेरा समोरच्या लिंबाखाली, लांब होता. आवाज नंतर भरायचा होता. त्यामुळे मी दाराशी जाऊन काय बोललो, ते आम्हा दोघांनाच ऐकू आलं. गावातला एकमेव फोन सोसायटीच्या खोलीत. मी तिकडूनच आल्यासारखा आलो — धापा टाकत — आणि म्हणालो, "मावशी, कारखान्यावरून फोन होता. उसाची गाडी उलटली. सुनीता गेली."

त्या रडल्या नाहीत. आधी पिठाचे हात लुगड्याला पुसले. मग विचारलं, "उसाखाली घावली का?"

मी हो म्हणालो. तिथे तरी थांबता आलं असतं, नाही का? पण हो म्हणालो.

दाराची चौकट धरून त्या हळूहळू खाली बसल्या, आणि चौकटीवरून हात फिरवत राहिल्या — कुणाची तरी पाठ असावी तशी. हेच ते दृश्य. यावर लोकांनी लेख लिहिले. लिंबाखालून कॅमेरामनने हात वर केला — थांबू का? मी मान हलवली. नको. रीळ संपेपर्यंत नको. चार मिनिटं.

मग सांगितलं, काही झालेलं नाही, सिनेमासाठी होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "असं करू नये, दादा." बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने त्या कारखान्याकडे गेल्या — पोर डोळ्यांनी बघायला. आम्ही सामान आवरून निघालो. त्याला आता तीस वर्षं झाली.

गेल्या महिन्यात त्याच गावच्या महिला दूध संस्थेचं बोलावणं आलं, नव्या इमारतीच्या उद्घाटनाला. अध्यक्षा — सुनीता. तिथल्या कितीतरी बायका आता ऊस तोडायला जात नाहीत, गायी सांभाळतात. चहा देता देता ती आपणहून सांगू लागली. "आई एकदा अचानक उसाच्या फडात आलती. कशापायी आली, कधी बोलली न्हाई. आठ दिस माझ्यासंगं मोळ्या उचलल्या. मग म्हणली, ह्यो हंगाम काढ, फुडल्या साली न्हाई जायाचं. घरी आल्यावर गळ्यातलं मोडून गाय घेतली तिनं. तितनं हे समदं उभं राह्यलं."

आणि एक क्षण — सांगायला लाज वाटते — मला हायसं वाटलं. म्हणजे माझ्या खोट्यातून एवढं चांगलं निघालं! नाही. जे निघालं ते गयाबाईंनी काढलं. मी फक्त त्यांच्या पोरीला चार मिनिटं मारलं होतं, आणि त्यावर मोठा झालो होतो.

मी कप खाली ठेवला आणि सुनीताला सगळं सांगितलं.

बाहेर बायका दूध घेऊन आल्या होत्या. ती उठली, सगळ्यांचं दूध मापून घेतलं, मगच परत आली. "चला. आई घरीच हाय."

गयाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी म्हणालो, मावशी, इतकी वर्षं मी लोकांना भलतंच सांगत आलो.

"ऐकलं की टीव्हीवर," त्या म्हणाल्या. "जुनं दुःख आठवा म्हणं!" आणि चक्क हसल्या. मग हसू थांबलं. "जुनं कुठलं, दादा. ताजं व्हतं."

माफी मी मागितली नाही. कशाच्या बळावर मागणार? एवढंच सांगितलं की त्या सिनेमाची नवी प्रत निघते आहे, तिच्या सुरुवातीला मी दोन ओळी घालणार आहे. येतानाच लिहून आणलेला कागद खिशातून काढून त्या वाचून दाखवल्या: शेवटच्या दृश्यात गयाबाईंनी अभिनय केलेला नाही. मुलगी मेल्याचं त्यांना दिग्दर्शकाने खोटं सांगितलं होतं.

सुनीता दारात उभी होती. म्हणाली, "खाली अजून एक ओळ लिवा. पोरगी जिती हाय. दूध संस्था चालवती."

लिहिली आहे. तिच्याच शब्दांत.