ढवळे साहेबांची नको तिथे सही

रंगनाथ ढवळे बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि बत्तीस वर्षांनी, शेवटचे चार महिने प्रभारी कार्यकारी अभियंता राहून, १९७० साली निवृत्त झाले. भिंगारच्या घरी बढतीचे पेढे वाटले गेले. पण त्या बढतीनेच ते पहिल्या वर्गाचे अधिकारी ठरले, आणि अशा माणसाला निवृत्तीनंतर दोन वर्षं सरकारच्या परवानगीवाचून खाजगी नोकरी धरता येत नव्हती. धरली तर पेन्शन रोखली जाई.

सहा महिने ते घरी बसले. अंगणातला हौद दोनदा पाडून दोनदा बांधला. तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "आता ह्यो परत पाडलात तर मी माहेरी जाईन. कुटं तरी कामाला जावा बाई!"

परवानगीचा अर्ज किती महिने टेबलावर पडून राहतो, हे ढवळ्यांनी नोकरीत पाहिलं होतं. म्हणून खर्ड्याजवळ ओढ्यावर पूल बांधणाऱ्या बन्सीशेठ ठेकेदाराकडे ते गुपचूप जाऊ लागले.

"तुमी आमचे पाव्हणे, साहेब," बन्सीशेठ हसला. "पाव्हण्याला कुनी नेमनुकीचा कागद देतं व्हय?"

ढवळ्यांना हसू आलं नाही. रस्त्यावर जीपचा धुरळा दिसला की ते सिमेंटच्या थप्पीआड होत. पाट्या वाहणारी साळूबाई मग मुद्दाम ओरडायची, "लपा साहेब, सरकार आलं!" बाया खिदळायच्या. जीप नसायचीच.

एके सकाळी गोरक्षनाथ खेडकर हा तरुण ओव्हरसियर झालेल्या कामाचं मोजमाप घ्यायला आला. त्याला टेप धरायला ढवळ्यांनीच शिकवलं होतं. मोजमापाच्या पुस्तकात ओव्हरसियर आकडे लिहितो, त्याखाली वरचा साहेब 'तपासले' म्हणून सही करतो आणि ठेकेदार 'मान्य' म्हणून. बन्सीशेठ जामखेडला गेला होता. गोरक्षनाथ म्हणाला, "सह्या मागून होतील. साहेब, आकड्यांवर नुसती नजर टाका."

ढवळ्यांनी पेन उघडलं. भिंतीच्या उंचीत वीतभर चूक होती. ती दाखवून त्यांनी गुणाकार पडताळला, मान हलवली, आणि 'तपासले'खाली झोकात सही ठोकली. तारखेसकट.

"साहेब! हे काय केलंत?"

हाताने बत्तीस वर्षांचं वळण गिरवलं होतं. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर क्रमांक छापलेला, त्यामुळे पानं फाडता येत नव्हती, आणि खोडलं तर कारण लिहावं लागणार होतं.  

"चहा सांडला म्हणून सांगतो मी," गोरक्षनाथ कुजबुजला. "डागात काय दिसतंय?"

"डाग पडला की पहिली चौकशी पुस्तक सांभाळणाऱ्याची. तुला अजून पंचवीस वर्षं नोकरी करायचीय, बाबा."

"आणि तुमची पेन्शन?"

ढवळ्यांनी पेन पुन्हा उघडलं. पेन्शनवर घरात तीन माणसं जेवत होती: ते, मालनबाई आणि विधवा बहीण रंगुबाई. त्यांनी सहीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'ही सही चुकून झाली. मी आता शासकीय सेवेत नाही. या कामावर ठेकेदारातर्फे हजर होतो.' खाली पुन्हा सही केली. ती इतकी वाकडी आली, की दुसऱ्याच कुणाची वाटावी.

त्या दिवसापासून त्यांनी पुलाचं तोंड पाहिलं नाही. पण कागद कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाईल, कोण काय शेरा मारेल, हे त्यांना पाठ होतं, आणि त्यानेच झोप उडाली. पोस्टमनची सायकल वाजली की ते आतल्या खोलीत जात.

दहाव्या आठवड्यात लिफाफा आला. मालनबाईंनी तो पुढे धरला.

"फोडा. मला वाचता येत असतं तर मीच फोडला असता."

ढवळ्यांनी मोठ्याने वाचलं: पंधरा दिवसांत खुलासा द्यावा. तोवर पेन्शन थांबवण्यात येत आहे.

मालनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "लिवा की मग. खरं काय ते लिवा."

"खरं तर आधीच लिहून बसलोय," ढवळे म्हणाले. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, वर तारीख घातली, आणि पेन तसंच धरून राहिले.