दोन भावंडांचं रक्त

आमच्या रक्त तपासणीच्या खोलीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. नळी खिडकीकडे तिरकी धरून बाई सांगायच्या, “पातळ आहे. हिमोग्लोबिन नऊच्या खाली भरेल.” मशीनमधून आकडा यायचा आठ पूर्णांक सात. कुणी कौतुक केलं तर म्हणायच्या, “तेहतीस वर्षं दगड पाहिले असते तर दगडही ओळखू आले असते.”

त्यांची मुलगी तेराव्या वर्षी वारली, हे मला इतरांकडून कळलं. बाईंनी तो विषय कधी काढला नाही. मुलीला थॅलेसेमिया होता. शरीराला नीट हिमोग्लोबिनच बनवता येत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं. त्या रक्तातलं लोह साचत साचत शेवटी तिच्या हृदयावर आलं.

तिच्या पाठचा मुलगा मात्र धडधाकट. थोडा फिकट, जिने चढताना लवकर धापा टाकणारा, एवढंच. तो दोन वर्षांचा झाला तरी रक्त चढवावं लागलं नाही, तेव्हा बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याची तपासणी केलीच नाही. जगाच्या नळ्या हाताळणाऱ्या बाई घरच्या नळीला घाबरल्या.

मुलगा सव्वीस वर्षांचा झाला, लग्न ठरलं. तो एक दिवस थेट आमच्या खोलीत आला आणि बाही वर करून बसला.

“घे रक्त. होणाऱ्या बायकोला सगळं माहीत असायला हवं. तिने स्वतःची तपासणी केलीसुद्धा.”

बाईंनी रक्त घेतलं, पण नळी माझ्या हातात दिली. “तू लाव मशीनला.”

आलेख छापून बाहेर आला आणि मी तो दोनदा पाहिला. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन जिथे दिसायला हवं, तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. त्याऐवजी दुसरीच रेघ उंच गेली होती. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनची. बाईंनी कागद घेतला आणि उभ्याच राहिल्या.

“हा तर तिचाच आजार,” त्या म्हणाल्या. “मग हा जिवंत कसा?”

बाईंचे आणि मुलाचे नमुने दूरच्या एका प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला तेव्हा आमच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी बाईंना समोर बसवलं. बाईंनी मलाही थांबवून घेतलं.

“बाई, पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होतं आणि मोठ्या माणसाचं सुरू होतं. पण ते आपोआप बंद होत नाही. एक नियामक जनुक असतं, त्याच्यामुळे ते बंद पडतं. ते स्वतः हिमोग्लोबिन बनवत नाही. दुसऱ्या जनुकाने काम करायचं की गप्प बसायचं, एवढंच ठरवतं.”

“म्हणजे साहेबच की,” बाई म्हणाल्या. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

“तुमच्या मुलात ते कमजोर आहे. त्यामुळे बाळाचं हिमोग्लोबिन पुरतं बंद झालंच नाही आणि त्याच्यावर तो जगतोय. मुलीत ते नीट काम करत असणार. त्याने वेळेवर बंद केलं, आणि मोठ्यांचं तर तिला बनवताच येत नव्हतं.”

“कितव्या महिन्यात बंद होतं?”

“तीन-चार महिन्यांनंतर उतरायला लागतं. सहा-सात महिन्यांत मूल फिकट दिसू लागतं.”

बाईंनी टेबलाची कड धरली. म्हणाल्या, “तिसऱ्या महिन्यात मी तिचं दूध तोडलं होतं. कामावर हजर व्हायचं होतं. सातव्या महिन्यात ती पांढरी पडली. याच्या वेळी मी दोन वर्षं घरी राहिले.”

“दुधाचा काहीच संबंध नाही, बाई.”

“आजार आम्हा दोघांकडून आला, ते मला ठाऊक होतं हो. पण वाटायचं, दूध मिळालं असतं तर तिनेही तग धरला असता. तो वाचलाच होता ना समोर.” मग त्यांनी विचारलं, “हे कमजोर जनुक आलं कुणाकडून?”

“तुमच्याकडून. तुमच्यातही एक तसं आहे, एक चांगलं. मुलाकडे कमजोर गेलं, मुलीकडे चांगलं. कुणाकडे काय जावं, हे कुणाच्याच हातात नसतं.”

चांगलं गेलं म्हणून मुलगी गेली. बाई ते शब्द पुन्हा पुन्हा मनाशी बोलत राहिल्या.

मुलाला त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, “ताईला माझ्यासारखं मिळालं असतं तर?”

“तर कदाचित आज तुझ्या लग्नात मिरवली असती,” बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

होणाऱ्या सुनेचा अहवाल निर्दोष होता. त्या दोघांच्या मुलांना हा आजार होण्याची भीती नव्हती. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मुलगा आता दर सहा महिन्यांनी आमच्याकडे येतो, हिमोग्लोबिन आणि लोह बघून जातो.

नवऱ्याशी बोलायला मात्र बाईंना महिना लागला. ते छापखान्यातून निवृत्त झालेले, मुळातच मितभाषी. लेकीचं नाव निघालं की ते उठून जात. ‘दूध तोडलं म्हणून त्यांनी मला मनातून माफ केलं नाही,’ असं बाई धरून बसल्या होत्या. एका दुपारी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता त्यांनी मला सांगितलं.

“मी म्हटलं, ‘अहो, दुधाने काही झालं नव्हतं.’ ते म्हणाले, ‘कसलं दूध? माझी एक आत्या लहानपणीच पांढरी पडून गेली होती. मी ते लग्नाआधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, तुला ते कळलंय, म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस.’”

त्यांचे हात थांबले होते.

“मग आम्ही तिच्याबद्दल बोललो. ती गेल्यापासून, सोळा वर्षांत पहिल्यांदा. तिचा आवाज कसा होता, यावरून भांडलोसुद्धा. ते म्हणाले घोगरा. मी म्हटलं, छे, अगदी मोकळा होता, दोन घरं पलीकडे ऐकू जायचा.”